विमा पॉलिसी विकून देणाऱ्यालाही लागतो परवाना! अमेरिकेतल्या ‘लाइफ सेटलमेंट ब्रोकर’चं काम चालतं कसं?

समजा, वडील न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहतात. वय ७६. नोकरीत असताना त्यांनी ५ लाख डॉलरची आयुर्विमा पॉलिसी घेतली होती. आता मुलं मोठी झाली, घराचं कर्ज फिटलं आणि पॉलिसीचा हप्ता मात्र वयाबरोबर वाढत चाललाय. विमा कंपनीला विचारलं तर ती म्हणते, पॉलिसी परत करा आणि १५ हजार डॉलर घेऊन जा. त्याच आठवड्यात फ्लोरिडातून फोन येतो. ‘परत कशाला करता? आम्ही विकून देतो. लाखाच्या वर मिळतील. आणि काळजी करू नका, आम्ही लायसन्स्ड आहोत.’

कॅलिफोर्नियात नोकरी करणारा मुलगा इंटरनेटवर शोधतो आणि त्याला त्या ब्रोकरचं नाव फ्लोरिडाच्या सरकारी यादीत सापडतंही. मग सही करायला हरकत नाही?

हरकत आहे. हा परवाना ब्रोकर जिथे बसतो त्या राज्याचा पुरत नाही. पॉलिसीचा मालक ज्या राज्यात राहतो, त्या राज्याची परवानगी लागते. इथे मालक वडील, म्हणजे राज्य न्यू जर्सी. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया, दोन्ही या व्यवहारात बाहेरची.

एवढी एक गोष्ट कळली तरी अर्धी फसवणूक टळू शकते. पण मुळात आयुर्विमा विकता येतो का, तो विकून देणाऱ्याला परवाना कोण देतं आणि दिलेला परवाना काढून कधी घेतला जातो, हे सगळं जरा गुंतागुंतीचं आहे.

लाइफ सेटलमेंट म्हणजे काय?

साध्या शब्दांत, हयात असलेल्या माणसाची आयुर्विमा पॉलिसी तिसऱ्याच कुणीतरी विकत घेणं. विकणाऱ्याला एकरकमी पैसे मिळतात. ही रक्कम विमा कंपनीच्या सरेंडर व्हॅल्यूपेक्षा जास्त आणि मृत्यूनंतर मिळणाऱ्या विमा रकमेपेक्षा कमी असते. त्यानंतरचे सगळे हप्ते खरेदीदार भरतो. विमाधारकाचं निधन झालं की विम्याची पूर्ण रक्कम त्या खरेदीदाराला मिळते.

म्हणजे विमाधारक जितका जास्त जगेल, तितका खरेदीदाराचा नफा कमी. ऐकायला विचित्र वाटतं आणि आहेही. म्हणूनच या धंद्यावर इतके नियम आहेत.

यात दोन वेगवेगळे परवानाधारक असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पॉलिसी विकत घेणारी कंपनी म्हणजे ‘प्रोव्हायडर’. पॉलिसी घेऊन अशा अनेक कंपन्यांकडे जाणारा, दर मागवणारा आणि घासाघीस करणारा तो ‘ब्रोकर’. प्रोव्हायडर टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो. ब्रोकरने विकणाऱ्याच्या शेजारी बसायचं असतं. निदान कायद्याची अपेक्षा तशी आहे.

शंभर डॉलरपासून सुरुवात

हा बाजार ज्या खटल्यावर उभा आहे तो १९११ सालचा. जॉन बर्चर्ड नावाच्या गृहस्थाला शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे होते. त्याने आपली पॉलिसी डॉक्टर ग्रिग्सबी यांना १०० डॉलरला विकली आणि पुढचे हप्ते डॉक्टरांनी भरायचे ठरलं. बर्चर्डच्या मृत्यूनंतर पैसे कुणाचे, यावरून वाद झाला आणि ‘ग्रिग्सबी विरुद्ध रसेल’ हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकालात म्हटलं की आयुर्विमा पॉलिसी ही मालमत्ता आहे आणि शक्य तिथे तिला मालमत्तेचे नेहमीचे गुणधर्म दिले पाहिजेत. थोडक्यात, घर किंवा शेअर विकता येतात तशी पॉलिसीही विकता येते.

पुढची कित्येक दशकं या निकालाचा फारसा कुणी वापर केला नाही. १९८० च्या दशकात एड्सची साथ आली आणि चित्र बदललं. मरणाच्या दारात असलेल्या तरुण रुग्णांकडे विमा होता, पण औषधाला पैसे नव्हते. त्यांच्या पॉलिसी विकत घेणारे तयार झाले. या व्यवहाराला नाव पडलं ‘व्हायाटिकल सेटलमेंट’. मूळ लॅटिन शब्द ‘व्हायाटिकम’, अर्थ प्रवासाची शिदोरी. आजही अनेक राज्यांच्या कायद्यांत हाच शब्द आहे. त्यामुळे सरकारी संकेतस्थळावर ‘लाइफ सेटलमेंट’ असं शोधून काहीच सापडत नसेल, तर ‘व्हायाटिकल’ टाकून पाहावं लागतं.

१९९६ च्या सुमारास एचआयव्हीवर परिणामकारक औषधं आली. रुग्ण जगू लागले आणि त्यांच्या मृत्यूवर हिशेब मांडलेल्या गुंतवणूकदारांचे पैसे अडकले. बाजार मग वळला ज्येष्ठ नागरिकांकडे. आज साधारण ६५ च्या पुढचं वय आणि किमान १ लाख डॉलरची पॉलिसी असेल तरच खरेदीदार रस घेतात.

मधल्या काळात घोटाळेही झाले. फ्लोरिडातल्या म्युच्युअल बेनिफिट्स कॉर्पोरेशन या कंपनीचा कारभार २००४ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने, म्हणजे एसईसीने, न्यायालयात जाऊन थांबवला. तोवर तिने गुंतवणूकदारांकडून १ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली होती.

परवाना राज्याचा, देशाचा का नाही?

अमेरिकेत आपल्या आयआरडीएआयसारखा एकच राष्ट्रीय विमा नियामक नाही. १९४५ च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचं नियमन राज्यांकडे ठेवलं. प्रत्येक राज्याचा आपला विमा आयुक्त, आपला कायदा, आपलं शुल्क.

राज्यांच्या विमा आयुक्तांची एक संघटना आहे, एनएआयसी. तिने १९९३ मध्ये एक आदर्श कायदा तयार केला आणि २००७ मध्ये त्यात मोठे बदल केले. त्याच वर्षी विमा विषय हाताळणाऱ्या आमदारांच्या संघटनेनेही, म्हणजे एनकॉइलने, आपला वेगळा मसुदा आणला. काही राज्यांनी एक उचलला, काहींनी दुसरा, काहींनी दोन्हींची सरमिसळ केली. फरक बारीकसारीक नाहीत. नवी पॉलिसी घेतल्यावर किती वर्षं ती विकता येणार नाही, याचं उत्तर एनएआयसीच्या मसुद्यात सर्वसाधारणपणे ५ वर्षं आहे, एनकॉइलच्या मसुद्यात २. गंभीर आजार, घटस्फोट, जोडीदाराचा मृत्यू अशा प्रसंगांसाठी सवलती आहेत.

आज ४३ राज्यं आणि प्वेर्टो रिको इथे या व्यवहारावर नियमन आहे. उरलेल्या राज्यांत ब्रोकरला असा खास परवाना लागत नाही. तिथल्या ज्येष्ठांना संरक्षणही तितकंच कमी.

एकाच पॉलिसीचे दोन मालक असतील आणि ते दोन राज्यांत राहत असतील तर? आदर्श कायद्यात त्याचंही उत्तर आहे. ज्याचा हिस्सा मोठा, त्याच्या राज्याचा कायदा लागू. हिस्से सारखे असतील तर दोघांनी मिळून एक राज्य लेखी ठरवायचं.

परवाना मिळतो कसा?

खरं सांगायचं तर फार अवघड नाही. आणि इथेच पहिली शंका यायला हवी.

सगळ्यात सोपी वाट आयुर्विमा एजंटची आहे. आदर्श कायद्यानुसार, ज्याच्याकडे आपल्या राज्याचा आयुर्विमा एजंटचा परवाना किमान १ वर्ष आहे, त्याने ब्रोकर म्हणून काम सुरू केल्यापासून ३० दिवसांच्या आत आयुक्तांना कळवायचं आणि शुल्क भरायचं. आपण या कायद्यानुसार वागू असं लिहूनही द्यायचं. झालं. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मंडळाच्या गणेशोत्सवात ओळख होऊन ज्या काकांनी पॉलिसी गळ्यात मारली, तेच काका आज ती विकून द्यायलाही पुढे येऊ शकतात. यात बेकायदा काही नाही.

फ्लोरिडात तर ब्रोकरचा असा स्वतंत्र परवानाच नाही. आयुर्विमा एजंटचा परवाना घ्यायचा आणि राज्याच्या खात्याकडे स्वतःची ब्रोकर म्हणून ‘नियुक्ती’ नोंदवायची. न्यू यॉर्कने २००९ मध्ये केलेला कायदा मे २०१० पासून लागू झाला. तिथे ब्रोकरच्या परवान्यासाठी परीक्षेची सोय आहे. टेक्सासने २०११ मध्ये विमा संहितेत यासाठी वेगळं प्रकरण घातलं. न्यू जर्सीचा कायदा २००५ चा आणि परवाना देणारं खातं बँकिंग व विमा विभाग.

जो एजंट नाही, त्याला पूर्ण अर्ज करावा लागतो. बोटांचे ठसे, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी, संस्थेचा अर्ज असेल तर भागीदार आणि संचालकांची माहिती. आर्थिक जबाबदारीचा पुरावा हा त्यातला महत्त्वाचा भाग. ब्रोकरच्या चुकीमुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर भरपाई कुठून येणार, हे आधीच दाखवायचं. त्यासाठी शुअरटी बाँड किंवा व्यावसायिक चुकांचा विमा चालतो. आदर्श कायद्यात ही रक्कम अडीच लाख डॉलर आहे, पण राज्यागणिक आकडा आणि प्रकार बदलतो. फसवणूक कशी रोखणार, कुणी संशयास्पद कागद दिले तर काय करणार, याचा लेखी आराखडाही द्यावा लागतो.

दुसऱ्या राज्यातून अर्ज करणाऱ्याला एक जादा अट आहे. ज्या राज्याचा परवाना हवा, तिथे कोर्टाची नोटीस स्वीकारणारा अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. ‘मी तर फ्लोरिडात असतो, न्यू जर्सीचं कोर्ट मला काय करणार’ ही पळवाट त्यामुळे बंद होते.

अप्रामाणिकपणाच्या किंवा विश्वासघाताच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला मात्र राज्याच्या आधी केंद्रीय कायदाच अडवतो. विमा नियामकाची लेखी संमती नसताना अशा माणसाने विमा व्यवसायात काम करणं हाच नवा गुन्हा ठरतो.

वकील, चार्टर्ड अकाउंटंटसारखे सीपीए आणि प्रमाणित आर्थिक नियोजक यांना ब्रोकरच्या परवान्यातून सूट असते, पण अट स्पष्ट आहे. त्यांना विकणाऱ्याने नेमलेलं असावं आणि त्यांची फी खरेदीदाराकडून आलेली नसावी.

या शेवटच्या अटीतच सगळ्या परवान्याचं मर्म आहे. पैसे कुणाकडून येतात आणि निष्ठा कुणाशी असते?

ब्रोकर नेमका कुणाचा?

ब्रोकरचं कमिशन बहुतेक वेळा प्रोव्हायडर देतो. म्हणजे ज्याच्याकडून जास्तीत जास्त किंमत काढायची, त्याच्याच हातून आपली कमाई घ्यायची. घर विकणाऱ्या दलालाला मोठ्या किमतीत आपलाही फायदा दिसतो. इथे तसं होईलच असं नाही.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. पॉलिसी ५ लाख डॉलरची. पहिली कंपनी एकूण १ लाख ६० हजार डॉलर द्यायला तयार आहे आणि त्यात ब्रोकरचं कमिशन विमा रकमेच्या ८ टक्के. ऐकायला ८ टक्के कमी वाटतात, पण ते ५ लाखांवरचे आहेत, म्हणजे ४० हजार डॉलर. वडिलांच्या हातात उरले १ लाख २० हजार. विकून मिळालेल्या रकमेशी तुलना केली तर कमिशन थेट २५ टक्के झालं.

दुसरी कंपनी १ लाख ७५ हजार देतेय, पण कमिशन विमा रकमेच्या ५ टक्केच, म्हणजे २५ हजार. वडिलांना मिळतील दीड लाख. त्यांचा फायदा ३० हजारांचा आणि ब्रोकरचा तोटा १५ हजारांचा. ब्रोकरने दुसऱ्या प्रस्तावाचा कागद टेबलाच्या खणात ठेवून दिला, तर वडिलांना कळणार कसं?

हा प्रश्न हवेतला नाही. न्यू यॉर्कचे तेव्हाचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर यांनी २००६ मध्ये या क्षेत्रातल्या एका मोठ्या खरेदीदार कंपनीवर खटला भरला होता. आरोप असा होता की कंपनीने ब्रोकरांना गुपचूप पैसे दिले आणि त्या बदल्यात ब्रोकरांनी स्पर्धक कंपन्यांचे प्रस्ताव दडपले. कंपनीने आरोप नाकारले आणि पुढे हे प्रकरण तडजोडीने मिटलं.

२००७ च्या आदर्श कायद्याने ब्रोकरच्या व्याख्येतच उत्तर लिहून ठेवलंय. कमिशन कुणीही देवो, ब्रोकर हा विकणाऱ्याचाच प्रतिनिधी मानला जाईल. त्याने विकणाऱ्याच्या सूचनेनुसार आणि त्याच्याच हितासाठी वागायचं. विश्वस्त जसा दुसऱ्याची मालमत्ता सांभाळतो, तशी ही जबाबदारी. म्हणूनच एकाच व्यवहारात दोन्हीकडचा माणूस होण्याला या कायद्यात जागा नाही.

आणि ही जबाबदारी नुसती तोंडी नाही. करारावर सही होण्याआधी ब्रोकरने विकणाऱ्याला लेखी दाखवायचं असतं की किती कंपन्यांकडून काय प्रस्ताव आले, कोणते नाकारले, घासाघीस कशी झाली, खरेदीदाराशी आपले काही हितसंबंध आहेत का आणि कमिशन नेमकं किती. टक्के सांगून भागत नाही, रक्कम सांगावी लागते आणि ती कशी काढली तेही. वरच्या उदाहरणातला खणात ठेवलेला कागद या एका नियमामुळे परवाना घालवू शकतो.

टिकवायचा तर काय काय करावं लागतं?

परवाना घेणाऱ्यांपैकी अनेकांचा गैरसमज असतो की दर दोन वर्षांनी शुल्क भरलं की संपलं. शुल्क वेळेत भरलं नाही तर परवाना संपतोच, पण ते सगळ्यात किरकोळ कारण.

आदर्श कायद्यानुसार ब्रोकरला दर दोन वर्षांनी १५ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ते लाइफ सेटलमेंट याच विषयाचं असावं लागतं. आयुर्विमा एजंटला त्याच्या एजंटपणासाठीही सतत शिक्षणाचे तास पूर्ण करायचे असतात, शिवाय त्याच्या मूळ परवान्यावरच ब्रोकरचं काम उभं असतं. मूळ परवाना गेला की वरचा मजला आपोआप कोसळतो.

नोंदी किमान ५ वर्षं जपायच्या असतात. नुसते झालेले करार नाहीत, न झालेल्या व्यवहारांचे प्रस्तावही. आयुक्तांचा तपासनीस केव्हाही दारात येऊन ते मागू शकतो. नाकारलेले प्रस्ताव जपून ठेवण्याची सक्ती ही खरी मेख आहे, कारण दडपलेला प्रस्ताव सापडतो तो तिथेच. कराराचे आणि माहितीपत्रकांचे नमुने आधी आयुक्तांकडे दाखल करून मंजूर करून घ्यावे लागतात. मंजूर नसलेला नमुना वापरणं हे परवाना रद्द होण्याचं स्वतंत्र कारण आहे.

जाहिरातींवरही नजर असते. सरकारने आमच्या योजनेला मान्यता दिलीय, असा भास निर्माण करता येत नाही. ‘मोफत’, ‘काहीही खर्च नाही’ हे शब्द खरे असतील तरच वापरायचे. फोनवर ‘आम्ही लायसन्स्ड आहोत’ म्हणजे जणू सरकारनेच शिक्का मारलाय, असं सूचित करणारा ब्रोकर या नियमाच्या कडेवर चालत असतो.

सगळ्यात भीतीदायक गोष्ट वेगळीच आहे. ब्रोकरकडे वीस राज्यांचे परवाने असतील आणि त्यातल्या एका राज्याने कारवाई केली, तर ती तिथेच थांबत नाही. प्रत्येक परवानाधारकाला एक राष्ट्रीय क्रमांक असतो आणि राज्यांच्या कारवाया एनएआयसीच्या सामाईक नोंदींत जातात. विमा एजंटांसाठीच्या सर्वसाधारण नियमानुसार एका राज्यातली कारवाई दुसऱ्या राज्याला ३० दिवसांत स्वतःहून कळवायची असते. अनेकदा मूळ चूक किरकोळ असते, एखाद्या अर्जातला चुकीचा रकाना. पण ती कळवली नाही हा दुसऱ्या राज्यात नवा गुन्हा होतो, मग तिसऱ्यात. पत्त्यांच्या बंगल्यातलं एक पान काढल्यासारखं.

सही करण्याआधी घरच्यांनी काय तपासावं?

एडिसनच्या वडिलांकडे परत जाऊ. मुलाने न्यू जर्सीच्या बँकिंग व विमा विभागाच्या संकेतस्थळावर ब्रोकरचं नाव आणि राष्ट्रीय क्रमांक टाकून पाहावा. परवाना चालू आहे का, तो ब्रोकर म्हणून आहे का नुसता एजंट म्हणून, आणि काही कारवाई झालीय का, हे बघायचं. विकत घेणाऱ्या कंपनीकडेही न्यू जर्सीचा परवाना हवा. हे फुकट होतं आणि त्याला फार वेळ लागत नाही.

पॉलिसी ‘व्हेरिएबल’ प्रकारची असेल, म्हणजे तिचे पैसे बाजारात गुंतवलेले असतील, तर विमा परवाना पुरत नाही. ती विक्री रोख्यांच्या नियमांत येते. दलाल संस्थांची तेव्हाची नियामक संघटना एनएएसडी हिने २००६ मध्येच तसं बजावलं होतं. अशा व्यवहारात ब्रोकर नोंदणीकृत रोखे दलाल संस्थेशी जोडलेला असावा लागतो.

पैसे ब्रोकरच्या खात्यातून येत नाहीत. खरेदीदार ते त्रयस्थ एस्क्रो खात्यात भरतो आणि विमा कंपनीने मालकी बदलल्याचं कळवलं की ते विकणाऱ्याला मिळतात. त्यानंतरही मन बदललं तर ठरावीक मुदतीत पैसे परत देऊन करार मोडता येतो. ही मुदत राज्यागणिक वेगळी आहे. त्या मुदतीत विमाधारकाचं निधन झालं, तर आदर्श कायद्यानुसार व्यवहार रद्द झाला असं मानलं जातं. अर्थात, घेतलेले पैसे आणि खरेदीदाराने भरलेले हप्ते त्याला परत करून.

कराचा विचारही आधीच करावा. भरलेल्या हप्त्यांइतकी रक्कम करमुक्त, तिथून सरेंडर व्हॅल्यूपर्यंतची रक्कम नेहमीचं उत्पन्न आणि त्यावरची भांडवली नफा, अशी साधारण विभागणी आहे. गंभीर आजारी विक्रेत्यासाठी १९९६ च्या केंद्रीय कायद्याने वेगळी सवलत दिलीय, पण त्यासाठी खरेदीदार परवानाधारक असणं हीच एक अट आहे. म्हणजे परवाना तपासला नाही तर फसवणुकीबरोबर करही मानगुटीवर बसू शकतो. हाती मोठी रक्कम आल्यावर मेडिकेडसारखी सरकारी मदत बंद होण्याचीही शक्यता असते.

आणखी एक गोष्ट घरात मोकळेपणाने बोलली जात नाही. खरेदीदार वडिलांचे सगळे वैद्यकीय कागद मागतो, त्यावरून ते आणखी किती वर्षं जगतील याचा अंदाज बांधला जातो आणि त्या अंदाजावर भाव ठरतो. अंदाज कमी वर्षांचा तर भाव जास्त. विक्रीनंतर ठरावीक काळाने फोन येत राहतात, तब्येत कशी आहे विचारायला. आदर्श कायद्याने या फोनांवरही मर्यादा घातलीय. वर्षापेक्षा जास्त आयुष्याचा अंदाज असेल तर तीन महिन्यांतून एकदाच, त्यापेक्षा कमी असेल तर महिन्यातून एकदा.

भारतात पॉलिसी विकता येते का?

या प्रश्नाचं उत्तर मुंबईतच घडलं. इन्शुअर पॉलिसी प्लस सर्व्हिसेस ही कंपनी लोकांच्या एलआयसी पॉलिसी विकत घेऊन आपल्या नावावर करून घ्यायची. एलआयसीने परिपत्रकं काढून अशा हस्तांतराची नोंद करणं थांबवलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २००७ मध्ये निकाल एलआयसीच्या विरोधात लागला. विमा कायद्याच्या ३८ व्या कलमानुसार पॉलिसी हस्तांतरित करता येते आणि एलआयसी परिपत्रकाने ती वाट बंद करू शकत नाही, असं ठरलं. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एलआयसीचं अपील फेटाळलं.

पण तोवर कायदाच बदलला होता. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कंपनीला हस्तांतर नाकारता येतं. ते खरं नाही, पॉलिसीधारकाच्या किंवा जनतेच्या हिताचं नाही किंवा पॉलिसीच्या खरेदी-विक्रीसाठी केलंय, असं मानायला पुरेसं कारण हवं. नाकारण्याची कारणं ३० दिवसांत लेखी कळवावी लागतात आणि त्याविरुद्ध आयआरडीएआयकडे दाद मागता येते. न्यायालयात जिंकलेली वाट अशी संसदेत अरुंद झाली.

त्यामुळे अमेरिकेसारखा परवानाधारक ब्रोकर भारतात नाही. आयआरडीएआय एजंटला, विमा ब्रोकरला, वेब अ‍ॅग्रीगेटरला मान्यता देते, पण जुनी पॉलिसी विकून देणाऱ्यासाठी तिच्याकडे वेगळा वर्गच नाही. तरीही ‘तुमची बंद पडलेली पॉलिसी आम्ही चांगल्या भावात काढून देतो, फक्त आधी प्रोसेसिंग फी भरा’ असे फोन पुण्या-नाशिकच्या ज्येष्ठांना येतात. काही जण आपण आयआरडीएआयमधूनच बोलतोय असंही सांगतात. आयआरडीएआय विमा विकत नाही, बोनस वाटत नाही आणि पॉलिसीधारकांना असे फोनही करत नाही, हे तिने वारंवार जाहीर केलंय. अडचणीतल्या पॉलिसीधारकासाठी इथे आज उरतात ते मार्ग थेट विमा कंपनीकडेच जाणारे आहेत. पॉलिसीवर कर्ज, हप्ते थांबवून कमी रकमेची पेड-अप पॉलिसी, नाहीतर सरेंडर. यातल्या एकाही कामासाठी मधल्या माणसाला आगाऊ पैसे द्यावे लागत नाहीत.